वीस मीटर

भिलवडी स्टेशनसमोर, रसवंतीला लागून,
चाळीस वर्षं मी लोकांना सांगत आलो :
हनुवटी खाली. कान दिसू देत. हसू नका.
पांढरा पडदा, एक स्टूल, सहा फुटांवर मी.
पलूसची, अंकलखोपची, आमणापूरची पोरं
या स्टुलावरून उठली ती मस्कतला, टेक्सासला जाऊन बसली.
शाल्मलीचाही फोटो मीच काढला.
डोळे मिटायची, म्हणून तीनदा काढला.
तिसऱ्यांदाही थोडे मिटलेच होते,
चालवून घेतलं.

गेल्या माघात पहिल्यांदा स्वतः स्टुलावर बसलो,
कामाच्या पोऱ्याला म्हटलं, दाब.

आणि मग ते बेट, पृथ्वीच्या पार खालच्या काठाचं.
न्यूझीलंड म्हणतात. तिथं तेव्हा उन्हाळा,
तरी कानटोपी लागते.
गवताचा डोंगर उतरून गेलो तर वाळूत ओंडका पडलेला,
आणि तो ओंडका शिंकला.
‘सी लायन,’ शाल्मली म्हणाली. ‘मादी आहे. हळू बोला, बाबा.’

पाटी होती : वीस मीटर लांब राहा.
वीस मीटर म्हणजे माझ्या दुकानापासून
कुंभारांच्या पंक्चरच्या टपरीपर्यंत.
तेवढ्यावरून मी गिऱ्हाईक कधी बघितलेलं नाही.
गुडघे वाळूत रुतवून बसलो, लेन्स लांब केली.
ती लोळली, वल्ह्यासारख्या हातानं वाळू पाठीवर उडवली,
जांभई दिली. दात तपकिरी, मिश्री लावल्यासारखे.
‘हनुवटी खाली,’ मी पुटपुटलो, सवयीनं.
तिनं वर केली.

चारशे अकरा फोटो काढले त्या दिवशी.
मोठे करून लॅमिनेट केलेले पाच
घाटावर इलाही नदाफला दाखवले. तो नाव बांधत होता.
‘किती लांबनं काढलासा?’
‘वीस मीटर. पाटी होती तशी.’
‘पाटी?’ तो इतका हसला की दोर सुटला हातातून.

मग हनुवटीनंच दाखवलं, पलीकडच्या काठाला.
चिखलात सुसर. तोंड उघडं टाकून ऊन खात होती.
‘होळीच्या आगंमागं हितंच अंडी घालती.
म्या नाव वरच्या अंगाला लावतो तवा.
चढ पडतो म्हणून माणसं शिव्या देत्यात. देऊ देत.’
त्याच्या धाकट्या भावाचं मनगट याच काठावर गेलं,
सगळ्या गावाला माहीत आहे.
मी काही बोललो नाही, पण तोच म्हणाला,
‘भाऊ चुकीच्या जागंला उतरला, अण्णा.’

पाण्यावरून मळीचा वास येत होता.
मी कॅमेरा काढला, पुन्हा पिशवीत ठेवला, पुन्हा काढला.
एक फोटो घेतला. हलला.

रात्री दुकानात शटर अर्धं ओढून
ते चारशे अकरा पुन्हा बघत बसलो.
दोनशे सहाव्यात, उजव्या कडेला,
फोकसच्या बाहेर, एक निळं जाकीट.
हात खिशात, केस वाऱ्यानं तोंडावर.
जनावराकडं नाही, माझ्याकडं बघते आहे ती.
तीन आठवडे तिच्या घरी राहिलो
आणि तिचा फोटो एवढाच.
मोठा करत गेलो तसा तो विस्कटत गेला,
डोळे उघडे आहेत की मिटलेले
काही केल्या कळेना.

सकाळी बुर्लीची एक मुलगी आली. व्हिसाचा हवाय.
स्टुलावर बसली, आणि आपली आपणच
हनुवटी खाली घेतली. कुणीतरी शिकवून पाठवलेली.
‘राहू दे,’ मी म्हणालो, ‘बस जशी बसतेस तशी.’
आणि मागं सरकत गेलो,
एक पाऊल, दोन, तीन,
मग पाठीला भिंत लागली.